भूमीचे अदृश्य रहिवासी – लेखांक ७ : बुरशीवर बुरशीचा अंमल

मागील लेखांकात तुरीच्या मर रोगाची हकिगत सांगताना आपण असे पाहिले की, ऐन फुलोऱ्यात, जमिनीत पुरेशी ओल असतानाही जे झाड एकाएकी मान टाकते, त्याच्या खोडातील पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या फ्युजेरियम नावाच्या बुरशीने निकामी केलेल्या असतात. पुसा येथील कवकशास्त्रज्ञ एडविन बटलर यांनी १९१० साली जिचे शास्त्रीय वर्णन केले ती हीच बुरशी, आणि धसकटांच्या आश्रयाने ती शेतात वर्षानुवर्षे तग धरून राहते. हे वाचून विचारी शेतकऱ्याच्या मनात साहजिकच असा प्रश्न उभा राहील की, शत्रू जर शेतातच कायमचा मुक्काम ठोकून असेल, तर त्या शेतातील सगळीच झाडे का मरत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर काही अंशी वाणाच्या अंगभूत प्रतिकारशक्तीत आहे, काही अंशी जमिनीच्या उष्णतेत व ओलीत आहे. परंतु त्याचा एक महत्त्वाचा अंश मातीतील इतर सूक्ष्म रहिवाशांच्या व्यवहारात दडलेला असून, त्या रहिवाशांपैकी ट्रायकोडर्मा या हिरव्या बुरशीचा परिचय आज करून घ्यावयाचा आहे.

कुजक्या लाकडावर, पालापाचोळ्याखाली, किंबहुना जिथे म्हणून सेंद्रिय द्रव्य आणि ओल आहे तिथे सर्वत्र आढळणाऱ्या या बुरशीचे नामकरण पेर्सून या कवकशास्त्रज्ञाने १७९४ सालीच केले होते. तथापि तिचा पराक्रम उजेडात यावयास पुढे सुमारे एकशे चाळीस वर्षे जावी लागली. कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय झाडांच्या रोपांची कोलमड करणाऱ्या रायझोक्टोनिया बुरशीचा अभ्यास करीत असता रिचर्ड वाइंडलिंग या संशोधकाला असे दिसून आले की, ट्रायकोडर्माचे तंतू त्या रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालतात व त्यांच्या आतील जीवद्रव्याचा नाश करतात. हे निरीक्षण त्याने १९३२ साली प्रसिद्ध केले, आणि एका बुरशीकरवी दुसरीचा बंदोबस्त करण्याच्या विद्येचा पाया तिथे घातला गेला.

हा बंदोबस्त कसा होतो, ते आता पाहू. पहिली गोष्ट अशी की, ट्रायकोडर्माची वाढ अतिशय जलद असल्यामुळे मुळांभोवतीची जागा आणि मुळांतून झिरपणारे अन्न यांचा कबजा ती आधीच घेते, आणि मागाहून येणाऱ्या रोगबीजास तिथे बस्तान बसविणे अवघड होते. दुसरी गोष्ट, ती काही विषारी द्रव्ये बाहेर सोडते, ज्यांच्या योगाने शेजारच्या बुरशींची वाढ खुंटते. तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक : बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन नावाचे जे चिवट द्रव्य असते, ते विरघळविणारी विकरे ट्रायकोडर्मा तयार करते, आणि शत्रूच्या तंतूला छिद्रे पाडून त्याचे अंतरंग स्वतःच्या पोषणासाठी वापरते. वनस्पतीच्या पेशीभित्तीत कायटिन नसल्यामुळे या विशिष्ट शस्त्राची झळ मुळाला लागत नाही.

परंतु एवढ्यावरच हे प्रकरण संपते असे जे बहुत काळ मानले जात होते, ते अपुरे ठरले. काकडीच्या रोपांवर केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसले की, ट्रायकोडर्मा मुळाच्या बाहेरील थरांत प्रत्यक्ष शिरते. आणि हा शिरकाव होताच मूळ आपल्या पेशीभित्ती जाड करून तिला तिथेच अडविते. एवढेच नव्हे, तर जॅस्मोनिक आम्ल व इथिलीन या संप्रेरकांच्या द्वारे ही वर्दी मुळापासून पानांपर्यंत पोहोचते, आणि ज्या पानाला ट्रायकोडर्माचा स्पर्शही झालेला नाही ते पानसुद्धा रोगजंतूंचा प्रतिकार अधिक त्वरेने करू लागते. शेजारच्या गावी दरोडा पडल्याची खबर आली की गावकरी रात्रभर लाठ्या फिरवीत बसत नाहीत, पण काठी उशाशी घेऊन मात्र निजतात; तद्वत ही वनस्पती आपली संरक्षक द्रव्ये सदासर्वकाळ निर्माण करीत नाही, तर प्रसंग येताच ती तत्काळ निर्माण करण्याच्या तयारीत राहते. अर्थात रोगाशी झुंजण्याचे निम्मे काम स्वतः झाडच करते. बुरशी त्याला सावध करते, इतकेच.

यावरून ट्रायकोडर्माला परोपकारी समजण्याची मात्र घाई करू नये. तिचा सारा खटाटोप स्वतःच्या उदरभरणासाठी आहे. हिच्याच कुळातील एक जात अळिंबीच्या खोल्यांत शिरली म्हणजे उत्पादकाचे पीकच्या पीक बुडविते. दुसरी एक जात, ट्रायकोडर्मा रीसी, दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन फौजेचे सुती कापड खाऊन टाकताना सापडली, आणि तिचीच सेल्युलोज विरघळविणारी विकरे आज कारखान्यांत वापरली जातात. आपले पीक आणि तिची भूक यांचा हितसंबंध जिथे जुळतो, तिथेच ती आपली मित्र होय.

हा हितसंबंध जुळवून आणणे, हेच शेतकऱ्याचे काम. रोग वाहिन्यांत शिरल्यावर टाकलेली ट्रायकोडर्मा त्या झाडाला वाचवू शकत नाही, कारण तिचे कार्य प्रतिबंधाचे आहे, उपचाराचे नव्हे. म्हणून पेरणीपूर्वी किलोभर बियाण्यास साधारणतः ४ ते १० ग्रॅम भुकटी सावलीत चोळावी, आणि जमिनीत द्यावयाची झाल्यास चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल टिकवून द्यावी. सेंद्रिय द्रव्य नसलेल्या कोरड्या रानात ती उपाशी मरते. कार्बेन्डाझिमसारख्या कवकनाशकाबरोबर ती मिसळणे म्हणजे विकत घेतलेली बुरशी आपल्याच हाताने मारणे. आणि उन्हात ठेवलेल्या वा मुदत उलटून गेलेल्या पुडीत जिवंत बीजाणू पुरेसे उरतात, असा भरवसा कोणी धरू नये. मर लागलेल्या शेतात तुरीवर तूर न घेणे, ज्वारीचे आंतरपीक किंवा फेरपालट करणे, बीएसएमआर ७३६ सारखा प्रतिकारक वाण निवडणे, हे जुने उपाय या बुरशीमुळे रद्द होत नाहीत. उलट त्यांची जोड मिळाली म्हणजेच तिचे काम हलके होते.

ट्रायकोडर्मा मुळाच्या बाहेरील थरांत अडविली जाते, हे आपण पाहिले. परंतु काही बुरशींना मूळ स्वतःहून आत घेते, आणि त्यांच्याशी अन्नाची देवघेवही करते. १८८५ साली फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ज्या सहजीवनाला मायकोरायझा हे नाव दिले, त्याचा विचार पुढील लेखांकात करू.