सामुदायिक सॉफ्टवेअर आणि प्रताधिकार

अनेक स्वयंसेवकांच्या श्रमांतून सिद्ध झालेल्या सॉफ्टवेअरचा धनी कोण, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. तथापि त्याचे उत्तर आरंभीच ठरवावे लागते. प्रताधिकार लेखनाबरोबरच उत्पन्न होतो व सामान्यतः लेखकाकडेच राहतो. परवाना म्हणजे मालकीचे हस्तांतर नव्हे. वापर, फेरफार व वितरण यांसाठी दिलेली ती सशर्त अनुज्ञा होय.

या दृष्टीने लिनक्सचे उदाहरण उद्‌बोधक आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली ही प्रणाली प्रसिद्ध केली, तेव्हा पैसे घेऊन तिचे वितरण करण्यास मनाई होती. १९९२ साली त्यांनी जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना स्वीकारला. सहलेखक मोजकेच असल्याने हा पालट सुकर झाला. २००७ साली त्या परवान्याची तिसरी आवृत्ती निघाली, तोवर हक्क असंख्य लेखकांत विखुरले होते. टोरवाल्ड्स यांना ती आवृत्ती रुचली नाही. परंतु रुचली असती, तरी सर्वांची संमती मिळविणे दुष्करच होते. लिनक्स आजही दुसऱ्याच आवृत्तीखाली आहे.

उलटपक्षी, जीसीसी या कंपायलरच्या लेखकांना आपले हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे लेखी सोपवावे लागत. त्यामुळे निर्णय एकमुखी होई, परंतु नवागतास कागदपत्रांचा अडसर होई. २०२१ साली ही सक्ती उठली.

सारांश, विखुरलेली मालकी दात्याच्या अटींचे रक्षण करते, पण उत्तराधिकाऱ्यांचे हातही बांधते. म्हणून परवान्याचा विचार पहिल्या सहलेखकापूर्वीच झाला पाहिजे.