केबिनमध्ये पाणी येतंय? आधी शोधा, मग सिलिकॉन लावा

पारनेरकडून कांदा भरून रात्री निघालेली पिकअप टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा करत माळशेज घाटात पोचते, तेव्हा खरा पाऊस सुरू होतो. घाट उतरेपर्यंत ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट फचफच वाजायला लागते. वाशीला माल उतरतो, पट्टी खिशात पडते, गाडी गावी परतते. मग दोन दिवस कडक ऊन, आणि ते पाणी सगळेच विसरतात. पुढच्या पावसापर्यंत.

आपला अहिल्यानगर, म्हणजे बोलण्यातला नगर जिल्हा बराचसा पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्यातला घाटघर-भंडारदऱ्याचा पट्टा सोडला, तर बाकीकडे पावसाची वाटच बघावी लागते. मग इथल्या गाड्या गळायलाच नकोत ना? होतं उलटंच. वर्षभराच्या उन्हात काचेचं आणि दाराचं रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात. धूळ आणि कडुनिंबाचा पाला पाणी जायच्या वाटा बुजवतो. पाऊसच नाही म्हटल्यावर हे कळणार कधी? थेट घाटात, नाहीतर सप्टेंबरच्या परतीच्या पावसात.

आणि हा फक्त ओल्या चपलांचा प्रश्न नाही. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या घरचा हप्ता आणि कॉलेजची फी अशाच एखाद्या जुन्या पिकअपच्या भाड्यातून निघते. मॅटखालचा फोम पाणी धरून ठेवतो. वरून कोरडं वाटतं, खाली पत्रा गंजत असतो. डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समध्ये पाणी गेलं, तर रात्री हायवेवर हेडलाइट बंद पडू शकतात. शिवाय मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. तोवर पत्रा सडला असेल, तर रबराच्या खर्चात भागणारं काम वेल्डिंगवर जातं.

पाणी कुठलं?

केबिनमधलं सगळंच पाणी पावसाचं नसतं. बोट बुडवून बघा. चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. चाखून मात्र बघू नका, ते विषारी असतं. हीटर असलेल्या गाडीत हीटरचा कॉइल किंवा त्याचा पाइप गळत असू शकतो. पाणी स्वच्छ आहे, पण पाऊस नसताना, एसी चालवल्यावरच येतंय? मग एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावरच येत असेल, तरच पुढचं वाचा.

दिसतं तिथून येत नाही

सगळे इथेच फसतात. पाणी ड्रायव्हरच्या पायाशी साचलंय, म्हणजे भोक तिथेच असेल असं काही नाही. टपाच्या जोडातून आत शिरलेला थेंब अस्तराच्या मागून खांबाच्या आतल्या बाजूने उतरतो आणि चार फूट लांब बाहेर पडतो. गाडी चढावर उभी असेल तर मागे जातो, उतारावर असेल तर पुढे. म्हणून सपाट जागा निवडा. मॅट, फोम, सीट, जे निघेल ते काढा आणि केबिन पूर्ण कोरडी करा. संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा, खाली वर्तमानपत्र पसरा. पावडरीवर पाण्याचा ओघळ स्पष्ट उमटतो.

खालून वर

हे दोघांचं काम आहे. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइप धरायचा. प्रेशर वॉशर नको. त्याचा फवारा चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते. साध्या पाइपने, कमी धारेने, आधी दाराचा खालचा भाग, मग बॉनेटची मागची बाजू, मग काच आणि सगळ्यात शेवटी टप. प्रत्येक जागेला किमान पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळतच नाही.

पाणी वापरायचं नसेल तर आणखी एक युक्ती. सगळ्या काचा बंद करा, ब्लोअर बाहेरची हवा आत घेईल असा फुल करा आणि बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी लावा. फट असेल तिथे फुगे येतात. दाराच्या रबरासाठी तर कागदाचा कपटाच पुरे. तो दारात अडकवून दार लावा आणि ओढा. अलगद निसटला तर तिथे रबर बसत नाहीये.

नेहमीचे संशयित

पहिला संशय वायपरखालच्या जाळीवर. पाला आणि मातीने तिथला निचरा तुंबला, की पाणी हवेच्या वाटेने केबिनमध्ये उतरतं.

दुसरा संशय दारावर. दारात पाणी काचेच्या फटीतून शिरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. भोकं मातीने बुजली की दाराची टाकी होते. दाराच्या आतल्या पॅनलमागे प्लॅस्टिकचा कागद असतो. काचेचं मशिन दुरुस्त करताना तो फाडतात आणि पुन्हा चिकटवत नाहीत. मग पाणी थेट आत.

तिसरा संशय समोरच्या आणि केबिनच्या मागच्या काचेच्या रबरावर. चौथा इंजिनकडून केबिनमध्ये येणाऱ्या वायरिंग आणि केबलच्या रबरी बुचांवर. आणि पाचवा आपल्याच हौसेवर. टपावर कॅरिअर, हॉर्न, लाइट, नावाचा बोर्ड लावताना स्क्रूसाठी भोकं पाडतो. ती नीट सील केलेली असतात का?

दुरुस्ती

सुरुवात फुकटच्या कामापासून करा. दाराची भोकं तारेने मोकळी करा, जाळीखालचा पाला काढा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं, तरच सीलंट.

इथे घाई महागात पडते. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्यावर लावलं तर गंज वाढतो, शिवाय त्यावर रंग धरत नाही. टपाच्या जोडाला गाड्यांसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट वापरा. आधी जुना थर खरवडा, गंज घासा, प्रायमर मारा, वाळू द्या, मग सीलंट. काचेचं रबर कडक झालं असेल तर वरून काहीही थापू नका, बदलूनच घ्या. काच काढली की रबराखालची पत्र्याची कड बघा, गंज बहुतेक तिथेच लपलेला असतो. डॅशबोर्डखालच्या ओल्या वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

एक जागा दुरुस्त केली की पुन्हा पाणी मारून बघा. गळती दोन ठिकाणी असू शकते. आणि फोम पूर्ण वाळल्याशिवाय मॅट परत टाकू नका.

सेकंडहँड घेताय?

डिग्री झाल्यावर जुनी पिकअप घेऊन धंदा सुरू करायचा विचार असेल, तर इंजिनचा आवाज ऐकण्याआधी मॅट उचला. कुबट वास, ओला फोम, फ्यूजच्या पायांवर हिरवट थर, स्क्रूड्रायव्हर टेकवल्यावर दबणारा पत्रा, यातलं काही दिसलं तर किमतीत तो खर्च धरा, नाहीतर गाडी सोडून द्या. विकणारा ‘काल धुतली म्हणून ओली आहे’ म्हणाला, तर त्याच्यासमोरच पाइप मागवा.