वेग सगळ्यांनाच दिसतो, पण थांबणं?

भाऊबीजेला बार्शीटाकळीला बहिणीकडे गेलो, तर अंगणात एक नारिंगी मोटारसायकल उभी. पुढून अशी झुकलेली, की जागेवर उभी असूनही धावत सुटल्यासारखी वाटावी. कालंका देवीच्या जुन्या हेमाडपंती देवळापुढे नारळ फोडून, चाकाखाली लिंबू ठेवून तिची पूजा झाली होती. पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा हातात फडकं घेऊन तिच्याभोवती फिरत होता. दिवाळी नव्हती ती फक्त बहिणीच्या चेहऱ्यावर.

"दादा, तू तरी त्याले सांग नं," ओवाळून होताच ती म्हणाली. "विकून टाक म्हणा ते धूड. मले रातभर झोप नाही येत."

तिच्या या भीतीचं मूळ मीच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, मृगाच्या पहिल्या सरीनंतर, तिला मागे बसवून मी अकोल्याहून येत होतो. वाटेत शेळी आडवी आली. घाबरून मी पायाच्या ब्रेकवर सगळा भार टाकला. चाक थांबलं, गाडी काही थांबली नाही. ओल्या रस्त्यावरून ती आडवी घसरत गेली. मला खरचटलं, तिचा डावा हात मोडला. थंडी पडली की तो हात अजून दुखतो. ती बोलून दाखवत नाही, पण मला कळतं.

म्हणून भाच्याला मी वेग विचारलाच नाही. म्हटलं, "ही थांबते कशी, ते सांग."

पोरगं खुललं. गाडी केटीएम आर.सी. ३९०. कंपनी मूळची ऑस्ट्रियाची. पण बजाजने २००७ साली तिच्यात भागीदारी घेतली आणि या गाड्या आपल्या चाकणला घडू लागल्या. एकच सिलिंडर, ३७३ सी.सी.चा, ताकद मात्र त्रेचाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. एवढी आग नुसत्या वाऱ्याने शमत नाही, म्हणून मोटारीसारखा रेडिएटर लावलेला. हे सगळं कौतुकाचंच. पण माझं लक्ष गेलं ते पुढच्या चाकाजवळच्या खाचांच्या कडीकडे.

"मामा, इथंच खरी गंमत आहे," भाचा म्हणाला. त्या खाचा सेन्सर मोजत असतो. ब्रेक दाबल्यावर चाक एकदम अडकतंय असं दिसलं, की यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सैल करते, पुन्हा वाढवते, पुन्हा सैल करते. हे सेकंदात अनेक वेळा घडतं. चाक फिरत राहतं, म्हणून टायरची पकड राहते आणि हँडल आपलं ऐकतं. हेच एबीएस. २०२२ साली आलेल्या या मॉडेलला तर गाडी वळणावर किती कलली आहे तेही समजतं आणि त्या बेताने ते दाब ठरवतं.

मी मान खाली घातली. त्या दिवशी अडकलेलं चाक माझ्या डोळ्यांपुढे आलं.

वेगवान गाड्या आपल्याकडे पूर्वीही होत्याच. १९८३ साली यामाहाच्या सहकार्याने निघालेली दोन सिलिंडरांची राजदूत ३५० आठवते? तिचा आवाज ऐकून माणसं वळून पाहत. त्या गाडीला परदेशात पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे ड्रम ब्रेक आले. पळण्याची हौस आधी आली, थांबण्याची अक्कल मागून. सव्वाशे सी.सी.वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं व्हायला २०१९ उजाडावं लागलं.

संध्याकाळी भाच्याच्या मागे बसून अकोला रस्त्यावर चक्कर मारली. मागची सीट म्हणजे पोळपाटाएवढी! दोनेक किलोमीटर गेलो असू, तर अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं आणि पुढे मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. भाच्याने आधीच गती उतरवली होती.

"सोयाबीनवर एबीएस चालेल का रे?" मी विचारलं.

"नाही, मामा. दाणे, वाळू, मुरूम असला की उलट थांबायला जास्तच जागा लागते."

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात एका सेकंदात गाडी अठ्ठावीस मीटर जाते. म्हणजे शेळी दिसून हात ब्रेकवर पोचेपर्यंतच एक अख्खं अंगण संपलं. आणि वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबायला जागा लागते चौपट. हे गणित चाकणलाही तेच आणि बार्शीटाकळीलाही तेच. यंत्र माझी चूक थोडी सावरील. रस्त्यावरची शेळी त्याला दिसत नाही. ती दिसायला डोळे लागतात आणि हाताशी वेळ लागतो.

गाडी विकायला मी सांगितलं नाही. बहिणीला अंगणात नेऊन किल्ली फिरवायला लावली. एबीएसचा पिवळा दिवा लागला. "गाडी हलली, की यंत्रणा स्वतःला तपासते आणि हा विझतो. नाही विझला, तर समजायचं, बिघाड आहे," मी म्हटलं. भाच्याने तिघांसमोर कबूल केलं : हेल्मेटशिवाय बसणार नाही आणि गावाकडच्या रस्त्यावर अंधारात गाडी काढणार नाही.

बहीण काही बोलली नाही. दुखरा हात चोळत ती त्या दिव्याकडे पाहत राहिली.

आता भाचा पुण्यात आहे. रोज सकाळी तो कामाला निघायच्या वेळी तिचा फोन जातो. जेवलास का, हे ती नंतर विचारते. आधी विचारते, "दिवा इझला काय रे?"