चिखल, गोटे आणि समृद्धी महामार्ग

पैठण तालुक्यातल्या गोदाकाठच्या पाणंद रस्त्यावर जूनचे दोन-तीन मोठे पाऊस झाले की चार चाकांची वर्दळ आपोआप थांबते. काळ्या मातीत चार पावलं टाकली तरी चप्पल उचलवत नाही, इतका थर तळाला चिकटतो. अशा दिवशी शेतकरी बैलगाडी जुंपत नाही, वापसा येईपर्यंत थांबतो. नेमक्या त्याच आठवड्यात संभाजीनगरातून कोणीतरी नवी फोर-बाय-फोर घेऊन येतं आणि ‘चारही चाकं ओढतात, निघेल’ म्हणत आत घालतं. पन्नास फुटांवर चारही चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागतात, गाडी पोटावर बसते आणि शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

गाडीत खोट नसते. इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत पोचलेली असते. ती जमिनीला देण्याचं काम टायरचं, आणि तिथेच गाडं अडतं. ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार आली, २०२३ मध्ये जिमनी आली, ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली, आणि मराठवाड्यात फोर-बाय-फोर ही शेतकरी, कंत्राटदार आणि हौशी तरुण या सगळ्यांची गाडी झाली. काही वर्षांत टायर बदलायची वेळ येते आणि निवड बहुतेकदा दिसण्यावर होते: जितका रांगडा, जितका रुंद, तितका चांगला. आपल्या भागासाठी ही निवड महागात पडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण आपली माती. बेसॉल्ट झिजून तयार झालेल्या या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात इतकं आकसतं की शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली झालेली ही माती टायरच्या नक्षीत घुसते ती बाहेर यायचं नाव घेत नाही. चाकाचे दोन-चार फेरे झाले की सगळ्या खाचा भरून जातात आणि नक्षी कितीही खोल असली तरी जमिनीला लागतो तो गुळगुळीत चिखलाचा रूळ. वाळूत किंवा मुरमात उत्तम चालणारा टायर इथे हतबल होतो.

यावर उपाय काय, ते शेतात उभ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाजवळ बसून पाहावं. त्याच्या उंच, तिरप्या पट्ट्यांमध्ये तळहात मावेल एवढी मोकळी जागा असते. पट्ट्या मधून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे तिरक्या जातात. चाक फिरताना पट्टीचं मधलं टोक आधी मातीत रुततं आणि मग चिखल कडेला ढकलला जाऊन बाहेर पडतो. टायर उलटा बसवला तर हीच रचना चिखल आत ओढते, म्हणून त्याच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. असे शेतीचे आणि खाणीतल्या यंत्रांचे टायर बनवणाऱ्या बालकृष्ण इंडस्ट्रीजचा, म्हणजे बीकेटीचा, कारखाना आपल्याच वाळूजमध्ये आहे. मोटारींचे टायर बनवणाऱ्या गुडइयरचा कारखानाही वाळूजमध्येच आहे. एकाच औद्योगिक वसाहतीत दोन्ही प्रकारचं रबर तयार होतं आणि आपल्याला हवा असलेला टायर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतो.

ट्रॅक्टरच्या टोकाकडे झुकणारा तो मड टेरेन. मोठे ठोकळे, त्यांच्यात रुंद खाचा, उघडे खांदे. चिखल झटकायला तो खरोखर चांगला, पण त्यासाठी चाकाला थोडा वेग लागतो. हळूहळू फिरणाऱ्या चाकात मड टेरेनही भरतोच. पावसाळ्यात रोज शेतवस्तीवर जाणं-येणं असेल किंवा खाणीवर, धरणाच्या कामावर गाडी चालत असेल तर तो जरूर घ्या. बाकीच्यांनी थांबून विचार करावा. खाचा रुंद म्हणजे डांबराला टेकणारं रबर कमी, आणि ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारणाऱ्या बारीक चिराही कमी. त्यामुळे पावसात ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. टायर जड असतो, डिझेल जास्त खातो, आणि ताशी ऐंशीच्या पुढे घुमायला लागतो.

दुसऱ्या टोकाला हायवे टेरेन. गाडी ज्यांची म्हैसमाळला किंवा शिर्डीला डांबरावरूनच जाते, त्यांना तो पुरे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मधला ऑल टेरेन. संभाजीनगरच्या दहापैकी आठ मालकांनी तोच घ्यावा, असं मी म्हणेन. काळ्या मातीत तोही अडकेल, पण ते दिवस वर्षातून थोडे. उरलेलं वर्ष मुरूम, खडी, गोटे आणि काँक्रीट यांचं असतं.

गोट्यांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. कन्नड, सोयगाव, खुलताबादच्या डोंगरात किंवा अंतूर किल्ल्याकडच्या कच्च्या वाटेवर बेसॉल्टचे फुटलेले दगड असतात, आणि त्यांच्या कडा नदीतल्या गोट्यांसारख्या घासलेल्या नसतात. (याच डोंगरातलं गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य आहे. तिथे वनखात्याने परवानगी दिलेला रस्ता सोडून गाडी घालू नये, हे वेगळं सांगायला लागू नये.) या दगडांनी जमिनीला टेकणारा भाग सहसा फाटत नाही, फाटते ती बाजूची भिंत, आणि भिंतीला गेलेल्या चिरेला पंक्चरवाल्याकडे इलाज नसतो. रानातले काटेही त्याच जातीचे. वेडी बाभूळ बांधाबांधावर पसरली आहे, आणि तूर काढल्यावर उरलेले तिरपे कापलेले खुंट तर ट्रॅक्टरचे टायरही सोडत नाहीत. म्हणून टायर घेताना नक्षीइतकंच लक्ष भिंतीकडे द्या. भिंतीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की जमिनीच्या बाजूला किती थर आहेत आणि भिंतीत किती. बऱ्याच टायरांच्या भिंतीत पॉलिएस्टरचे एक किंवा दोन थर असतात, काही दणकट टायरांत तीन. दुकानदाराला मोबाइलचा टॉर्च लावायला सांगा आणि ती ओळ स्वतः वाचा.

तिथेच बाकीचे आकडेही सापडतात. थारच्या वरच्या प्रकाराला २५५/६५ आर १८ टायर येतो. २५५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के भिंतीची उंची, १८ इंचांची रिम. हिशेब केला तर एकूण व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. पुढचा आकडा भाराचा: १०९ असेल तर एक टायर १,०३० किलो पेलतो, ११२ असेल तर १,१२० किलो. त्यामागचं अक्षर वेगमर्यादेचं. क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस १८०, टी १९०. बऱ्याच मड टेरेनवर क्यू असतो. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, म्हणजे कागदावर तो चालतो. पण मे महिन्यातल्या दुपारी, भरल्या गाडीनिशी, तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास धावताना हाताशी जितकं अंतर राखता येईल तितकं राखावं.

मूळ मापापेक्षा मोठा टायर बसवायचा मोह आवरावा. १७ इंचांच्या रिमवर २८५/७० घेतला तर व्यास ८३१ मिलिमीटर होतो. गाडी दोन सेंटिमीटर उचलली जाते, पण स्पीडोमीटर १०० दाखवत असताना खरा वेग १०५ असतो, ब्रेकवर आणि स्टिअरिंगवर ताण येतो, आणि वळताना टायर मडगार्डला घासू शकतो. कायद्याची बाजूही आहे. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा घातली आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे लावलं. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते.

आता हवा. ऑफ-रोडिंगमध्ये हवेचा दाब टायरच्या जातीपेक्षा जास्त फरक पाडतो आणि तो बदलायला पैसे लागत नाहीत. पावणेदोन टनांची गाडी धरली तर एका चाकावर साधारण ४४० किलो येतात. दाब ३० पीएसआय असताना त्या भारासाठी जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटर होतो. १८ पीएसआयवर तो साडेतीनशेच्या जवळ जातो. भिंतीचा ताठपणा थोडा भार उचलतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा कमी असतो. टेकणारा भाग लांबोळा होतो, टायर दगडाभोवती वाकतो, वाळूत रुतत नाही. मऊ जमिनीवर १८ ते २० पुरे. पंधराच्या खाली गेलं तर वळताना टायर रिमवरून सुटायची भीती असते.

पण कमी हवेवर डांबर गाठायचं नाही. भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, आतून तापते आणि फुटते. म्हणून गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवा आणि माळीवाडा किंवा सावंगीला समृद्धीवर चढायच्या आधी चारही चाकं कंपनीने सांगितलेल्या दाबावर आणा. दाब सकाळी, टायर गार असताना तपासा. आतली हवा दहा अंशांनी तापली की दाब दीड-दोन पीएसआय वाढतो. प्रवासाच्या मध्यात पंपावर वाढलेला आकडा बघून हवा काढली, तर गार झाल्यावर ती कमीच पडते.

फोर-बाय-फोरला चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले लागतात. फोर-एच, म्हणजे चारही चाकं ओढणारी जोडणी, टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. पुढचे टायर नवे आणि मागचे गोटा झालेले असतील तर दोघांचे फेरे जुळत नाहीत आणि ताण ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. तो दुरुस्त करण्याचा खर्च टायरांच्या संचाहून जास्त होऊ शकतो. त्यामुळे चार नव्हे, पाच टायर एकदम घ्या, स्टेपनीही रोटेशनमध्ये फिरवा. नियमाप्रमाणे नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याने तेवढी वाट बघू नये, चारला आला की बदलायच्या तयारीला लागावं.

दुकानात पैसे देण्याआधी भिंतीवरचे चार आकडे शोधा. २३२५ असेल तर तो टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ऑफ-रोड टायर शहरात कमी खपतात आणि गोदामात पडून राहतात, तेव्हा पाचही टायरांवरचा आकडा एकेक करून बघा. दोन वर्षांपेक्षा जुना निघाला तर दुसरा मागवा, आणि तो येईपर्यंत जुने टायर उतरवू देऊ नका.