लंडनमध्ये बिऱ्हाड कोठे करावे?

इंग्लंडमधील विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती पडले, शुल्काची तजवीज झाली, व्हिसाही मिळाला, म्हणजे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या घरी जो शेवटचा आणि बहुधा घाईघाईने उरकला जाणारा प्रश्न उरतो, तो लंडनसारख्या अफाट शहरात बिऱ्हाड कोठे करावे हा. त्यावर वडीलधाऱ्यांचे सल्ले दोनच असतात: कॉलेजच्या जवळ राहा, नाहीतर आपली माणसे असतील तेथे राहा. दोहोंमागे माया आहे. परंतु सकाळची व्याख्याने, सत्र चालू असता आठवड्यास वीस तासांपर्यंत मुभा असलेली नोकरी आणि रात्री उशिरापर्यंतचे ग्रंथालय यांनी व्यापलेला जो दिवस तेथे प्रत्यक्ष घालवावयाचा आहे, त्याचा विचार या दोन्ही सल्ल्यांत नाही. माझे मत असे की, वस्तीची निवड त्या दिवसाच्या वाटेवरून करावी, आणि त्यातही जाण्यापेक्षा परतण्याच्या वाटेकडे अधिक बारकाईने पाहावे.

प्रश्न जुना आहे. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली हायगेट भागात ‘इंडिया हाउस’ हे वसतिगृह उघडले, त्यामागे स्वातंत्र्याचे राजकारण होते, तशीच भारतीय विद्यार्थ्यांना वर्णद्वेषामुळे खोली मिळण्याची पंचाईतही होती. पुढच्याच वर्षी कायद्याच्या अभ्यासासाठी गेलेले सावरकर तेथेच राहिले. कातडीचा रंग पाहून खोली नाकारणे इंग्लंडात १९६८ च्या कायद्यापर्यंत बेकायदा नव्हते. आज तसे घडल्यास दाद मागता येते, हे विद्यार्थ्याने पक्के ध्यानी ठेवावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये प्रिमरोज हिलनजीक किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहत. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, आणि आज तेथे त्यांचे स्मारक आहे. ते पाहावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याने तेथून तसेच पायी ब्रिटिश म्युझियमकडे निघावे. तीन-चार किलोमीटरांची ती वाट चालून गेल्यावर कळते की, म्युझियमच्या ज्या ग्रंथालयात, ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ज्या ग्रेज इनमध्ये बाबासाहेबांच्या अध्ययनाचे दिवस गेले, ती तिन्ही ठिकाणे परस्परांच्या निकट असून, हाती मोजका पैसा असलेल्या माणसालाही त्या घरापासून वाहनावाचून गाठता येण्याजोगी होती.

आजच्या विद्यार्थ्याला इतक्या मध्यवर्ती भागातील भाडे सहसा परवडत नाही. त्याला दूर जावेच लागते, आणि येथे नकाशा फसवतो. ब्लूम्सबरीतील युनिव्हर्सिटी कॉलेजपासून दक्षिणेचे कॅम्बरवेल हे वायव्येच्या वेम्बली पार्कपेक्षा बरेच जवळ दिसते. पण वेम्बली पार्कला मेट्रोपॉलिटन मार्गाची गाडी पकडली तर फिंचली रोड, बेकर स्ट्रीट, ग्रेट पोर्टलंड स्ट्रीट आणि मग युस्टन स्क्वेअर, असा चौथ्याच थांब्याला कॉलेजचा परिसर लागतो. उलट कॅम्बरवेलला भुयारी रेल्वेचे स्टेशनच नाही. तेथून थेट बस आहे, आणि तासाभरात दुसरी बस पकडली तरी नवे भाडे पडत नसल्याने बसचा प्रवास स्वस्तही पडतो; मात्र ती थेम्स ओलांडून शहराच्या गर्दीतून वाट काढत येते, आणि जो पैसा वाचतो तो वेळाने भरावा लागतो. असा व्यवहार काहींना मानवतो, काहींना नाही. तो समजून उमजून केला म्हणजे झाले.

परतीचे पाहू. शुक्रवारी व शनिवारी भुयारी रेल्वे रात्रभर चालते, परंतु सर्व मार्गांवर नव्हे: व्हिक्टोरिया व ज्युबिली हे मार्ग, आणि सेंट्रल, नॉर्दर्न व पिकाडिली यांचा बराचसा भाग. वेम्बली पार्कला मेट्रोपॉलिटनच्या जोडीला ज्युबिलीही थांबते, म्हणून रात्री काम करून परतणाऱ्याला ते सोयीचे. पूर्वेचे ईस्ट हॅम डिस्ट्रिक्ट मार्गावर असल्याने तेथे त्या वेळी रात्रीच्या बसवाचून गत्यंतर नाही.

तथापि ईस्ट हॅमचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, कारण भारतीय विद्यार्थ्यांचे थवेच्या थवे तिकडे वळतात. तेथील हाय स्ट्रीट नॉर्थवर दक्षिण भारतीय खाणावळी व वाणसामानाची दुकाने आहेत, वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गुजराती व्यापाऱ्यांची पेठ आहे, साउथॉल पंजाब्यांचे आहे. मराठी माणसाची अशी स्वतंत्र पेठ लंडनमध्ये नाही; आहे ते १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ, ज्याची स्वतःची वास्तू डॉलिस हिल भागात आहे आणि जेथे गणेशोत्सवाला मराठी कुटुंबे जमतात. परमुलखात आपली भाषा कानी पडण्याचे मोल मी कमी लेखीत नाही. एकटेपणाने खचलेल्या मुलामुलींना अशा वस्त्यांनी सांभाळून घेतले आहे. परंतु डाळ-तांदूळ आठवड्यातून एकदा आणावयाचे असतात, आणि वर्गात बहुधा रोजच जावयाचे असते. माइल एंडच्या क्वीन मेरी विद्यापीठात शिकणाऱ्याने ईस्ट हॅम अवश्य निवडावे, कारण तीच डिस्ट्रिक्टची गाडी त्याला थेट नेते. पण अक्सब्रिजच्या ब्रुनेल विद्यापीठात प्रवेश घेतलेल्याने केवळ मित्र तेथे आहेत म्हणून ईस्ट हॅम पत्करणे म्हणजे पूर्वेच्या टोकाकडून पश्चिमेच्या टोकापर्यंत सबंध शहर दररोज दोनदा ओलांडणे होय. हे करणारे विद्यार्थी आहेत, आणि पहिल्या सत्राच्या अखेरीस त्यांची हजेरी काय होते हे पाहून जीव हळहळतो.

भाड्याचा हिशेब मांडतानाही सावध असावे. लंडनमध्ये भाडे पुष्कळदा आठवड्याचे सांगतात. दोनशे पौंड म्हटले की आपला विद्यार्थी चौपट करून महिना आठशेचा धरतो. परंतु वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून महिन्याचे भाडे ८६७ पौंडांच्या घरात जाते. त्यात वीज व गॅस धरलेले आहेत की नाहीत हे विचारावे, आणि प्रवासाचा पास मिळवावा. शहराचे भाड्यासाठी वर्तुळाकार विभाग पाडलेले आहेत, आणि जितके विभाग ओलांडावे तितका पास महागतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याला मुदतीच्या पासावर तीस टक्के सवलत मिळते. घरात सर्वच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर नगरपालिकेचा काउन्सिल टॅक्स माफ होतो. एखादा नोकरदार त्यात राहावयास आला की कराचे बिल घरावर येते, म्हणून सहनिवासी कोण आहेत याची चौकशी भाड्याइतकीच अगत्याची आहे.

खोली प्रत्यक्ष पाहावी. पाच किंवा अधिक परस्परांशी नाते नसलेली माणसे राहत असलेल्या घराला परवाना लागतो, आणि अशा घरात एका प्रौढाच्या निजण्याच्या खोलीचे क्षेत्रफळ ६.५१ चौरस मीटरांहून कमी असून चालत नाही. हा आकडा कागदावर बरा दिसतो. खोलीत शिरल्यावर दार अर्धे उघडून पलंगाला अडते, खुर्ची मागे सरकवली तर कपाट उघडत नाही, असे त्याचे रूप असते. कपाटाच्या मागे हात घालून भिंत ओलसर लागते का, बुरशीचा काळा डाग आहे का, खिडकीला एकच काच आहे की दोन, हे पाहावे. घराचे ऊर्जाप्रमाणपत्र मागावे; ‘ए’ ते ‘जी’ या श्रेण्यांत भाड्याचे घर सामान्यतः ‘ई’ हून खाली असता कामा नये. जानेवारीत गारठलेल्या खोलीत पुस्तक हाती धरवत नाही.

बयाणा म्हणून एका आठवड्याच्या भाड्याहून अधिक रक्कम मालकाला घेता येत नाही. अनामतीची कमाल मर्यादा, वार्षिक भाडे पन्नास हजार पौंडांच्या आत असेल तर, पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी आहे. ही तरतूद २०१९ च्या कायद्याची. अनामत मिळाल्यापासून तीस दिवसांत ती शासनमान्य योजनेत ठेवणे मालकावर बंधनकारक असते. त्या योजनेचे नाव लेखी मागून घ्यावे. स्थानिक जामीन मागितला जातो तेव्हा विद्यार्थी गांगरतो. काही विद्यापीठे स्वतः जामीन राहण्याची व्यवस्था करतात, तिची विचारणा भारतातूनच करून ठेवावी. न पाहिलेल्या खोलीसाठी पुण्याहून पैसे पाठवणे मात्र कोणत्याही कारणाने करू नये, मग जाहिरातीतील छायाचित्रे कितीही सुबक असोत. पहिले दोन-तीन आठवडे विद्यापीठाच्या किंवा फिट्झरॉय स्क्वेअरच्या इंडियन वायएमसीएसारख्या वसतिगृहात काढावेत, आणि खोली दिवसा पसंत पडली तरी अंधार पडल्यावर पुन्हा तेथे जावे. डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आत मावळतो. तेव्हा ज्या रस्त्याने सबंध हिवाळाभर परतावयाचे आहे, त्याच रस्त्याने स्टेशनपासून त्या दारापर्यंत एकदा चालावे आणि मगच करारनाम्यावर सही करावी.