जुना ॲकॉर्डियन विकत घ्यायचाय? आधी वास घ्या, मग सूर तपासा

हार्मोनियम घराघरांत दिसते, पण तिचा भाऊबंद ॲकॉर्डियन मात्र बहुतेकांनी फक्त जुन्या हिंदी सिनेमांत पाहिलेला असतो. गळ्यात अडकवलेला, उजवीकडे पियानोच्या पट्ट्या, डावीकडे बटणं आणि मधे फुगणारा-मिटणारा भाता. गुडी सीरवाई, केर्सी लॉर्ड आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांनी हे वाद्य भारतीय कानांच्या सवयीचं केलं. १९६९ च्या ‘आराधना’मधल्या सर्वात गाजलेल्या प्रणयगीतात घुमणारा ॲकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचा.

नवीन ॲकॉर्डियन महाग पडतो. त्यामुळे शिकू पाहणारे जुन्या वाद्याच्या शोधात निघतात आणि इथेच फसतात. बाहेरून मोत्यासारखं चमकणारं वाद्य आतून पार गेलेलं असू शकतं.

सगळा खेळ मेणाचा

डहाणू-तलासरी पट्ट्यात, उधव्याच्या आसपासच्या वारली पाड्यांवर तारपा वाजतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, आणि हे सगळं जोडायला मेण. गंमत म्हणजे युरोपातल्या कारखान्यात बनलेला ॲकॉर्डियनही आतून मेणावरच उभा असतो. पोलादी सूरपट्ट्या बसवलेल्या छोट्या धातूच्या चकत्या लाकडी ठोकळ्यावर मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने चिकटवलेल्या असतात. चाळीस-पन्नास वर्षांत हे मेण कोरडं पडतं, तडकतं आणि चकत्या सुटू लागतात. उन्हात उभ्या गाडीत वाद्य राहिलं, तर मेण मऊ होऊन घसरतं.

त्यात आपली किनारपट्टी. पावसाळ्याची दमट हवा पोलादी पट्ट्यांवर गंज चढवते. गंजलेली पट्टी बेसूर होते, कधी मुकीच होते. म्हणून पहिली तपासणी नाकाने करायची. भाता थोडा उघडून वास घ्या. बुरशीचा कुबट वास आला, तर वाद्य वर्षानुवर्षं ओलीत पडून होतं असं समजा. किंमत कितीही कमी असली तरी अशा वाद्यापासून नवशिक्याने लांब राहिलेलं बरं.

भाता आणि सूर कसे तपासाल?

भात्याचे पट्टे सोडा. पियानोपट्ट्यांची बाजू वर धरा, बटणांची बाजू खाली लोंबू द्या, आधाराला एक हात खाली असू द्या. एकही पट्टी किंवा बटण न दाबता भाता अगदी सावकाश उघडला पाहिजे. धाडकन खाली आला तर हवा गळतेय. आणि एक लक्षात ठेवा, पट्टी किंवा हवेचं बटण दाबल्याशिवाय भाता जोर लावून कधीही ओढू नका.

आता सर्वात महत्त्वाचं. आपल्या पेटीत हवा एकाच दिशेने वाहते. ॲकॉर्डियनमध्ये प्रत्येक सुरासाठी दोन पट्ट्या असतात, एक भाता उघडताना वाजणारी, दुसरी मिटताना. म्हणून प्रत्येक पट्टी दोन्ही दिशांना वाजवून पाहा. कंटाळवाणं काम आहे, विक्रेता घाई करेल, तरी सोडू नका. एका दिशेला सूर नीट आणि दुसरीकडे खरखर, असं बरेचदा निघतं.

दोन सूर किंचित थरथरत एकत्र वाजले, तर लगेच ‘बेसूर’ म्हणू नका. कित्येक वाद्यांत दोन पट्ट्या मुद्दाम थोड्या वेगळ्या लावलेल्या असतात. पॅरिसच्या रस्त्यावरचा म्हणून जो आवाज आपण ओळखतो, तो याच थरथरीतून येतो. थरथर सगळ्या सप्तकांत सारखी हवी; एखाद्याच सुरावर असेल तर तो बिघाड.

वय आणि आकार

व्हिएन्नात सिरिल डेमियन यांनी १८२९ मध्ये ‘ॲकॉर्डियन’ या नावाने पेटंट घेतलं. पुढे जर्मनीतलं ट्रॉसिंगन (होनर कंपनीचं गाव) आणि इटलीतलं कास्टेलफिडार्डो ही मोठी केंद्रं झाली. वाद्यावर ‘जीडीआर’ असं लिहिलेलं असेल, तर ते पूर्व जर्मनीतलं, म्हणजे १९४९ ते १९९० मधलं. वेल्टमायस्टर हे तिथलंच नाव.

डावीकडे १२० बटणं असलेलं मोठं वाद्य रुबाबदार दिसतं, पण वजन दहा किलोच्या आसपास जातं. सुरुवातीला ४८ किंवा ७२ बटणांचं पुरे.

ही बटणं पाहून घाबरायचं कारण नाही. त्यातल्या एका बटणावर खळगा असतो, तो बोटाला अंधारातही सापडतो. त्याला ‘सा’ धरलं, तर वरचं बटण ‘प’ आणि खालचं ‘म’. त्याच्या शेजारच्या रांगेत त्याच सुराचा तयार कॉर्ड. डाव्या हाताने सा आणि कॉर्ड, सा आणि कॉर्ड असा ठेका धरला आणि उजव्या हाताने पेटीवर येणारी एखादी सोपी चाल वाजवली, की पहिल्याच आठवड्यात घरचे ऐकायला बसतील. मींड मात्र पेटीसारखीच इथेही निघत नाही.

सूर लावून घ्यायला पेटी दुरुस्त करणारा अनुभवी कारागीर विचारून पाहा, कारण पट्टी घासून सूर चढवण्या-उतरवण्याचं तत्त्व दोन्हीकडे एकच. पण पोलाद पितळेपेक्षा कडक असतं, तेव्हा ॲकॉर्डियन आधी हाताळलाय का, हे विचारूनच वाद्य उघडू द्या. घरी आणल्यावर ते आडवं न टाकता त्याच्या पायांवर उभं ठेवा, म्हणजे आतल्या चामड्याच्या झडपा वाकत नाहीत. पावसाळ्यात पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि देवघरातल्या समईपासून लांब ठेवा. जुन्या ॲकॉर्डियनचं ते मोतिया आवरण बहुधा सेल्युलॉइडचं असतं आणि सेल्युलॉइड झटकन पेट घेतं.