गाशा गुंडाळण्याची घाई

लेखमाला : सातच्या आत टीव्हीसमोर – भाग नववा

‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचे दिवस भरता भरेनात, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला विनोदाचा विषय मिळाला होता. २०१५ सालची गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर हत्तिणीचे दाखले देऊन झाले, बाळ थेट दहावीची परीक्षा देऊनच बाहेर येणार असंही म्हणून झालं. जानेवारी २०१६मध्ये मालिका संपली. इतके महिने सगळे ज्याची वाट पाहत होते ते एकदाचं घडलं आणि घराघरांतून पहिली प्रतिक्रिया आली ती ‘बस? एवढंच?’

मालिका सुरू कशी होते, प्रोमो किती आधी तयार होतो, पहिल्या पंधरवड्यात कपड्यालत्त्यावर आणि सेटवर पैसा का ओतला जातो, हे मागच्या भागात पाहिलं. आज तिचं दुसरं टोक. चार-चार वर्षं ज्या कुटुंबाचं सगळं पाहिलं, त्याचा निरोप इतका बेचव का होतो?

मावळात याची चर्चा ऐकायची तर आषाढात ऐकावी. खाचरात ओळीनं वाकून भात लावणाऱ्या बायकांच्या बोलण्यात कालचा भाग हमखास असतो. कोणी जेवण करता करता अर्धाच पाहिलेला, कोणाकडे नेमकी आठला वीज गेलेली, मग जिनं पूर्ण पाहिला ती बाकीच्यांना सांगते. सांगताना ती स्वतःची भरही घालते आणि ती भर पुष्कळदा मूळ संवादांपेक्षा सरस असते. या बायका मालिकेला नावं ठेवतात, पण बारीक लक्ष देऊन ठेवतात. कोणत्या सुनेनं कोणता दागिना कधी गहाण टाकला, हे लेखक विसरतो, त्या विसरत नाहीत. शेवटच्या भागात त्या दागिन्याचं नावही निघालं नाही, तर त्यांच्या लेखी ती फसवणूक असते. माझ्याही लेखी आहे.

आता पडद्यामागचा हिशेब. दैनंदिन मालिका संपायची केव्हा, हे लेखक ठरवत नाही. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे आणि या तिघांच्या वर वाहिनीची माणसं. त्यांच्या समोर आठवड्याचे आकडे. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेची आकडेवारी दर गुरुवारी येते. काही निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून साऱ्या देशाचा अंदाज बांधला जातो. आकडा घसरत गेला की आधी कथेत झेप घेतली जाते, म्हणजे काळ पाच-सात वर्षांनी पुढे ढकलला जातो. त्यानंही भागलं नाही तर वेळ बदलते. रात्रीची मालिका संध्याकाळी, संध्याकाळची दुपारी. मग एक दिवस निर्मात्याला निरोप जातो की अमुक तारखेला ती जागा नव्या मालिकेला द्यायची आहे. हातात कधी दोन महिने असतात, कधी तीन-चार आठवडे.

नेमक्या याच दिवसांत मालिकेचं घर रिकामं व्हायला लागतं. नटांनी पुढच्या कामांच्या तारखा दिलेल्या असतात. घोडबंदर रस्त्यावरच्या भाड्याच्या बंगल्याची मुदत संपत आलेली असते. तयार भागांचा साठा, ज्याला या धंद्यात ‘बँक’ म्हणतात, आटलेला असतो. आज चित्रित केलेलं दोन-चार दिवसांत प्रक्षेपित होतं. अशा अवस्थेत लेखकानं चारशे, पाचशे, हजार भागांच्या गाठी सोडवायच्या. बदली झालेल्या कुटुंबानं ट्रक दारात उभा असताना सामान बांधावं, तशी ही बांधाबांध असते. हाताला लागेल ते पोत्यात जातं, उरलेलं मागे राहतं.

त्या पोत्यात काय काय जातं, हे आता आपल्याला पाठ झालं आहे. खलनायिकेला साक्षात्कार होतो. साडेतीन वर्षं विष कालवणारी, दस्तऐवज पळवणारी, जिन्यावर तेल ओतणारी बाई मंगळवारी पकडली जाते, बुधवारी रडते, गुरुवारी पाया पडते आणि शनिवारी सत्यनारायणाच्या प्रसादाचं ताट घेऊन हसत उभी असते. मग सारं कुटुंब एका चौकटीत, फोटोला उभं राहावं तसं. मला मालिकांतला अतिरेक चालतो, योगायोगही चालतात. ही घाऊक माफी मात्र चालत नाही, कारण माफ करणाऱ्या सुनेला कोणी विचारलेलंच नसतं. तिनं सोसलेली वर्षं एका मिठीत निकालात निघतात.

(नट मधेच सोडून गेला तर मात्र शेवट झटपट होतो. त्यासाठी आपला घाट आहेच. मालिकेतल्या माणसानं मुंबईहून पुण्याला एकट्यानं गाडी चालवत निघावं आणि खंडाळ्याच्या वळणावर ब्रेक निकामी व्हावेत, हे इतक्यांदा झालं आहे की लोणावळेकरांनी भरपाई मागायला हरकत नाही.)

‘चार दिवस सासूचे’ ही मालिका नोव्हेंबर २००१मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०१३मध्ये थांबली. भाग झाले तीन हजार दोनशे. एक भाग बावीस मिनिटांचा धरला तर सगळे सलग पाहायला झोप न घेता दीड महिन्याहून जास्त काळ लागेल. रोहिणी हट्टंगडींची आशा देशमुख आणि कविता लाड यांची अनुराधा पाहत अकरा वर्षांत एक पिढी शाळेतून नोकरीला लागली. इतक्या मोठ्या पसाऱ्याला साजेसा शेवट कोणता असू शकतो? मला तरी सुचत नाही. दैनंदिन मालिकेची बांधणीच अशी असते की प्रत्येक भाग उद्यावर बोट ठेवून संपतो. बावीस मिनिटांच्या अखेरीस कोणीतरी दारात उभं राहतं, फोन वाजतो, चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आदळतो. उद्यावर ढकलायची सवय लागलेल्या कथेला एके दिवशी ‘उद्या नाही’ असं सांगितलं की तिचा तोल जातो.

रहस्यकथेत हे जास्तच उघडं पडतं. ‘रात्रीस खेळ चाले’ फेब्रुवारी २०१६मध्ये आली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा, मालवणी बोली, अण्णा नाईकांचा मृत्यू आणि त्यानंतर घरात घडणारे प्रकार. त्याआधी काही महिन्यांपासून बार्कच्या मोजणीत खेडीही आली होती, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत मराठी पडद्यावर कोकण, कोल्हापूर, सातारा दिसू लागला. याला मी योगायोग मानत नाही. मालिका ऑक्टोबरात संपली तेव्हा मात्र प्रेक्षक चिडले. आठ महिने त्यांना एकच प्रश्न टांगून ठेवला होता : ही भुताटकी की माणसाची करणी? भुतांवर विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे अशा दोघांनाही झुलवत नेलं की उत्तर कोणतंही आलं तरी निम्मं घर नाराज होणारच. निर्मात्यांनी यातून काढलेली वाट मात्र हुशारीची होती. २०१९च्या दुसऱ्या पर्वात ते मागच्या काळात गेले, अण्णा आणि त्याची प्रेयसी शेवंता यांच्या दिवसांत. आता अण्णा मरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटाचं ओझं उतरलं आणि लोक फक्त माणसं पाहायला बसले. माधव अभ्यंकरांचा अण्णा घरोघरी पोचला तो तेव्हा.

२०१९च्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात एक मजेशीर जुळणी झाली. अमेरिकेतल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटचा भाग १९ मेला आला. आठ पर्वं जिच्या बाजूनं लोक उभे होते, ती डेनेरिस अखेरीस अख्खं शहर जाळते, हे कोणाला पचेना. शेवटचं पर्व पुन्हा नव्यानं बनवा म्हणून दहा लाखांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. इकडे ‘तुला पाहते रे’मध्ये सुबोध भावे यांचा विक्रांत सरंजामे, ज्याच्यावर निम्मा महाराष्ट्र लुब्ध होता, तो खुनशी निघाला आणि नायिका ईशा ही त्याच्या पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा, पुनर्जन्म निघाली. जुलैत मालिका संपली. आपल्याकडे सह्यांचे अर्ज निघाले नाहीत, विनोद निघाले. दुखणं एकच होतं. नायक वाईट निघणं ही फसवणूक नाही. कित्येक चांगल्या कादंबऱ्यांत तो निघतो. पण त्याची पेरणी आधीपासून दिसायला हवी, आणि ती करायची म्हणजे पहिल्या महिन्यापासून नायकाच्या लोकप्रियतेला थोडी कात्री लावावी लागते. आठवड्याच्या आकड्यावर जगणाऱ्या मालिकेला ते परवडत नाही. ‘तुला पाहते रे’च्या बाजूनं एक सांगतो : तिला निदान ठरवलेलं वळण होतं. गुळमुळीत सत्यनारायणापेक्षा मला तो शेवट बरा वाटला.

आधीपासून ठाऊक असलेला शेवट काय करू शकतो, हे आपल्या मावळाला वेगळं सांगायला नको. गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्याला राहिले, आणि राजमाची, तुंग, पवनेचं खोरं त्यांच्या कादंबऱ्यांत आलं. ‘माचीवरला बुधा’मध्ये म्हातारा बुधा मुंबई सोडून राजमाचीवर परततो, तेव्हाच गोष्ट कुठे थांबणार ते कळतं. वाचणारा त्या अंदाजानंच बुधाचा एकेक दिवस जपून वाचतो. गोनीदांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाला लोक बसत. कथा माहीत असलेलेही येत आणि शेवटाला त्यांचेही डोळे भरत.

गोनीदांची नात मृणाल देव, पुढे कुलकर्णी, शाळा-कॉलेजच्या वयात ‘स्वामी’ मालिकेत रमाबाई झाली. रणजित देसाईंची कादंबरी, दूरदर्शनचा काळ, मोजके भाग. थेऊरला १७७२मध्ये माधवराव जातात आणि रमाबाई सती जातात, हे पुणे जिल्ह्यात कोणाला माहीत नव्हतं? तरीही ती मालिका पाहिलेले लोक आजही तिचा शेवट सांगतात. मृणाल कुलकर्णींचीच ‘अवंतिका’ पुढे दैनंदिन मालिकांच्या युगात खूप गाजली. त्या वेळच्या प्रेक्षकांना अवंतिका लख्ख आठवते, तिचा स्वभाव, तिच्या साड्या, तिचं घर. शेवटचा भाग काय होता असं विचारलं की बहुतेक जण थांबून आठवू लागतात.

दूरदर्शनवर भाग मंजूर व्हायचे ते तेराच्या पटीत. ती मर्यादा तेव्हा जाचक वाटायची, पण तिच्यामुळे लेखकाला भिंत कुठे आहे ते दिसायचं. लॅटिन अमेरिकेतल्या टेलिनोव्हेला रोज लागूनही काही महिन्यांत संपतात, कारण त्यांचा करारच तसा. आपल्याकडे ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’नं २०१२मध्ये जानेवारीत सुरू होऊन ऑगस्टमध्ये निरोप घेतला, लोक राधा-घनाच्या प्रेमात असताना. त्या वेळी हळहळ झाली, तक्रार झाली नाही. (पुढे ‘तिसरी गोष्ट’ आली, वेगळ्या जोडीची. यशस्वी नाव सोडवत नाही ते नाहीच.)

दीर्घ मालिकांचा खरा शेवट बहुधा मधेच कुठेतरी होऊन गेलेला असतो, असं माझं मत बनलं आहे. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ चालली. बंगालीतल्या ‘श्रीमोयी’वरून आलेली ही गोष्ट. ज्या दिवशी मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती नवऱ्याच्या, अनिरुद्धच्या घरातून आपल्या पायांनी बाहेर पडली, त्या दिवशी पाहणाऱ्या बायकांसाठी गोष्ट पूर्ण झाली होती. त्यानंतरचं दुसरं लग्न, वैधव्य, मुलांचे संसार यांत प्रसंग होते, प्रश्न उरला नव्हता. अखेरच्या वर्षात मालिका दुपारी सरकली. पाच वर्षांनंतर शेवटचा भाग आला तेव्हा तो कशाचं उत्तर देणार होता? ‘माझ्या नवऱ्याची बायको’चंही तेच. राधिका स्वतःच्या मसाल्यांच्या धंद्यावर उभी राहिली तिथे गोष्ट संपली. मालिका मार्च २०२१पर्यंत चालू राहिली.

आणि तरीही शेवटच्या भागाला लोक रडतात. यात कथेचा वाटा किती, अशी मला शंका आहे. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबलं आणि जुलैपर्यंत नवे भाग आले नाहीत. साऱ्या कथा अधांतरी लोंबकळत होत्या, पण पुढे काय झालं असेल याबद्दल मी फारसं ऐकलं नाही. ऐकलं ते हे, की आठ वाजता काय करायचं ते कळत नाही. जेवणाची वेळ, भांडी घासायची वेळ, सासूनं आणि सुनेनं न भांडता शेजारी बसायची वेळ त्या अर्ध्या तासाला बांधलेली असते. मालिका संपते तेव्हा ती बांधणी सुटते. शनिवारी जुनी संपून सोमवारी त्याच वेळेला नवी सुरू होते, ती याचसाठी. आठवडाभर लोक नव्या सुनेला नावं ठेवतात, दुसऱ्या आठवड्यात तिचे दागिने मोजायला लागतात.

गेल्या दोन वर्षांत तर शेवटावरचा विश्वासच उडावा अशा घटना घडल्या. शिवाजी साटम यांचं ‘सीआयडी’ वीस वर्षं चालून ऑक्टोबर २०१८मध्ये निरोपसमारंभाशिवाय थांबलं आणि डिसेंबर २०२४मध्ये परतलं. ‘क्यूंकि सास भी कभी बहू थी’ २००८मध्ये अठराशेहून अधिक भागांनंतर बंद झाली होती. जुलै २०२५मध्ये स्मृती इराणींची तुलसी पुन्हा दार उघडून उभी. शेवटाची भीती तशी जुनीच. १९६७मध्ये अमेरिकेत ‘द फ्युजिटिव्ह’ मालिकेनं ठरवून शेवट केला, तेव्हा धंद्यातल्या लोकांना भीती होती की कोडं सुटल्यावर जुने भाग कोण पाहणार. आताच्या वाहिन्यांनी त्या भीतीवर तोडगा काढला आहे. कोणालाच पुरतं मरू द्यायचं नाही, कोणतंही घर पुरतं विकू द्यायचं नाही, आणि शेवटच्या चौकटीतल्या हसऱ्या कुटुंबाचे करार जपून ठेवायचे.

पुढच्या आठवड्यात : शीर्षकगीतं. मालिका विसरल्यावरही ती तोंडात का राहतात?